मुंबईत कॅमेऱ्यासमोर मुलाखत द्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर, छोटे कारखानदार, निवृत्त गिरणी कामगार अशा माणसांच्या मुलाखती मी बरीच वर्षं मुंबईत चित्रित करते आहे. कधी संस्थेच्या माहितीपटासाठी, कधी कंपनीच्या वर्धापनदिनासाठी, तर कधी जुन्या आठवणी जपून ठेवायच्या म्हणून. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात पाहुण्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर घाईत दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून इथे नीट लिहून ठेवते आहे. ज्यांचा रोजचा व्यवसाय कॅमेऱ्यापासून लांबचा आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

एकूण किती वेळ काढून ठेवू?

बोलणं ४० मिनिटांचं असेल, तर तुमचे दोन तास धरा. आमची माणसं तुमच्या आधी तास-दीड तास पोचतात. दिवे लावायचे, खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवायचं, मागची भिंत बघायची, आवाज तपासायचा, हे सगळं तुम्ही येण्यापूर्वी व्हायला हवं. तुम्ही आलात की माइक लावणं, थोडा टचअप, दिव्यांची शेवटची जुळवाजुळव आणि मग बोलणं. नंतर अर्धा तास तुमचे काम करतानाचे शॉट घेतात. फाइल चाळताना, मशीनपाशी उभे असताना, जिन्यावरून उतरताना. यालाच बी-रोल म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगते. ४० मिनिटांतली तीन-चार मिनिटंच शेवटी वापरली जातात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ती तीन मिनिटं सापडण्यासाठी बाकीचं बोलणं व्हावंच लागतं.

लोकलने येऊ की गाडीने?

कपडे आणि मेकअप यांच्याआधी मी पाहुण्यांशी हेच बोलते. मुलाखत बिघडते ती बहुतेक वेळा येण्याच्या वाटेवर. माणूस धापा टाकत येतो, शर्ट पाठीला चिकटलेला, डोक्यात अजून सिग्नलवरचा हॉर्न. अशा वेळी पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याला त्याची घाईच दिसते आणि सुरुवातीची उत्तरं नेमकी तीच असतात, जी आम्हाला सर्वांत आधी वापरायची असतात.

म्हणून शक्य असेल तर मुलाखत सकाळी ११.३० च्या सुमाराला ठेवा. ८ ते ११ आणि संध्याकाळी साडेपाच ते ९ या वेळात लोकलमध्ये चढणं आणि इस्त्री टिकवणं या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. गर्दी ओसरली की लोकल हीच सर्वांत भरवशाची. डोंबिवलीहून दादरला यायला किती वेळ लागेल हे लोकलचं सांगता येतं, गाडीचं सांगता येत नाही. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून बीकेसी, वरळी, चर्चगेट या भागांतल्या मुलाखतींसाठी मी तीच सुचवते. घाम येत नाही आणि कपडेही चुरगळत नाहीत. फक्त खाली उतरण्याआधी ‘निघालोय’ असा मेसेज करून ठेवा, भुयारात फोन लागेलच असं नाही.

रविवारबद्दल खास. रविवारी रस्ते मोकळे असतात, ऑफिसं शांत असतात, म्हणून अनेकांना रविवार सोयीचा वाटतो. पण रविवारी मेगाब्लॉक असतो. मध्य, हार्बर, पश्चिम, कुठल्या मार्गावर किती वाजेपर्यंत आहे ते शनिवारीच बघून ठेवा.

कसेही या, पण अर्धा तास हातात ठेवून या. पोचल्यावर पंख्याखाली बसा, पाणी प्या, फोन बाजूला ठेवा. शर्ट किंवा कुर्ता पिशवीत घालून आणा आणि इथे येऊन बदला. लोकलने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि आजवर कुणाला त्याचा पश्चात्ताप झालेला पाहिला नाही.

प्रश्न आधी मिळतील का?

विषय मिळतील, मुद्दे मिळतील. प्रश्न शब्दशः देत नाही. यामागे लपवाछपवी नाही. प्रश्न हातात पडला की माणूस उत्तर लिहितो, लिहिलं की पाठ करतो आणि पाठ केलं की आठवण्याच्या नादात बोलणं विसरतो.

एखाद्या विषयावर बोलायचंच नसेल, तर ते आधी स्पष्ट सांगा. कौटुंबिक वाद, कोर्टात चाललेलं प्रकरण, आजारपण, काहीही असो. आम्ही तो विषय काढणार नाही.

मग तयारी करायची तरी कशी? पाठांतर नको म्हणता, पण ऐनवेळी काही सुचलं नाही तर?

सुचेल. तुम्ही तीस वर्षं जे काम केलंत ते तुम्हाला येतं. अडचण माहितीची नसते. सगळं एकदम सांगायची घाई होते, अडचण तिथे असते.

एका कागदावर फक्त तीन गोष्टी लिहा, ज्या या मुलाखतीत आल्याच पाहिजेत असं तुम्हाला वाटतं. वाक्यं लिहू नका, दोन-दोन शब्द पुरेत. मग प्रत्येक गोष्टीपुढे एक प्रसंग लिहा. ‘आम्ही गुणवत्तेला महत्त्व देतो’ हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. ‘पहिल्या वर्षी आम्ही २०० नग परत घेतले आणि रात्रभर बसून सगळे पुन्हा तपासले’ हे राहतं. आकडे, तारखा, माणसांची नावं एकदा ताडून घ्या. कॅमेऱ्यासमोर चुकीचं साल सांगितलं, तर ते नंतर दुरुस्त करता येत नाही, ते वाक्यच काढून टाकावं लागतं.

आता हे तीन प्रसंग घरात कुणाला तरी सांगा. पुतणीला सांगा, शेजारच्या काकूंना सांगा. तुमच्या क्षेत्रातल्या माणसाला मात्र नको, कारण तो मान डोलावत राहील आणि कुठे समजलं नाही ते तुम्हाला कळणारच नाही. पुतणी मध्येच ‘म्हणजे काय?’ असं विचारेल. ती जिथे अडली, तिथे प्रेक्षकही अडणार आहे. दोनदा सांगून झालं की थांबा. पाचव्यांदा सांगाल तेव्हा त्यातला जीव गेलेला असेल.

आरशासमोर सराव करू नका. आरशात माणूस स्वतःकडे बघायला लागतो आणि तीच सवय लागते.

‘प्रश्न व्हिडिओत ऐकू येणार नाही’ असं तुम्ही म्हणालात. म्हणजे काय?

बहुतेक मुलाखतींत माझा आवाज काढून टाकलेला असतो. प्रेक्षकाला फक्त तुम्ही दिसता. समजा मी विचारलं, ‘संप कधी सुरू झाला?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘१८ जानेवारी १९८२ ला.’ उत्तर बरोबर आहे, पण एकटं ऐकलं तर कशाबद्दल आहे ते कळत नाही. तुम्ही जर म्हणालात, ‘गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तेव्हा मी लालबागला खात्यात बदली कामगार होतो,’ तर ते वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं.

म्हणजे प्रश्नातलेच दोन-तीन शब्द उत्तराच्या सुरुवातीला घ्या. आणि माझं बोलणं संपल्यावर मनात एक अंक मोजून मग सुरू करा. आपल्याकडे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच ‘हो हो, बरोबर’ म्हणायची पद्धत आहे. गप्पांत ती आपुलकी असते, संकलनात, म्हणजे एडिटिंगमध्ये, मात्र त्या ‘हो हो’मुळे चांगलं वाक्य हातचं जातं.

कॅमेऱ्यात बघायचं की तुमच्याकडे?

माझ्याकडे. मी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसलेली असेन. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून आपण वृत्तनिवेदकांना थेट आपल्याकडे बघून बोलताना पाहिलं आहे. त्यामुळे ज्येष्ठ पाहुण्यांना वाटतं की तसंच करायचं असतं. बातम्या देणं वेगळं आणि मुलाखत वेगळी. तुम्ही माझ्याशी बोला, कॅमेरा बाजूने ऐकतोय असं समजा. क्षणभर कॅमेऱ्याकडे आणि क्षणभर माझ्याकडे असं मात्र करू नका. पडद्यावर ती नजर चोरटी दिसते आणि प्रामाणिक माणसावर तो अन्याय होतो.

थेट कॅमेऱ्यात बघून बोलायचं असेल, म्हणजे आवाहन किंवा संदेश असेल, तर आम्ही तसं आधीच सांगू.

माझं मराठी शुद्ध नाही. चालेल का? आणि मध्ये इंग्रजी शब्द आले तर?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण तो विचारताना माणसं संकोचलेली असतात. कोल्हापूरचा माणूस आपलं ‘लई’ दाबून ‘खूप’ म्हणायला लागतो, नागपूरच्या बाई आपलं ‘करून राहिले’ गिळतात आणि मालवणी हेल काढून टाकण्याच्या नादात वाक्यच तुटतं. तुमच्या बोलीत बोला. ती तुमच्या कामाइतकीच तुमची आहे. ऐकणाऱ्याला न कळणारा एखादा शब्द आला तर मी थांबवून अर्थ विचारीन, आणि अनेकदा त्या शब्दाचा अर्थ सांगतानाच मुलाखतीतला सर्वांत चांगला भाग सापडतो.

इंग्रजी शब्दांचं म्हणाल तर लेथ, फर्नेस, ओपीडी, टेंडर हे शब्द तुमच्या कामाचे आहेत, ते तसेच राहू द्या. फक्त संस्थांची आद्याक्षरं पहिल्यांदा उच्चारताना पूर्ण नाव सांगा. आणि एखादं आख्खं वाक्य इंग्रजीत गेलं, तर तेच पुन्हा मराठीत सांगायला मी विनंती करीन.

काय घालू?

बारीक रेघा आणि बारीक चौकडी टाळा. डोळ्यांना सुंदर दिसणारा बारीक चौकडीचा शर्ट कॅमेऱ्यात लाटा उठल्यासारखा हलतो. याला मॉयरे म्हणतात आणि नंतर तो सहजासहजी काढता येत नाही. पांढराशुभ्र कपडा फार उजळून दिसतो आणि त्याच्यापुढे चेहरा काळवंडतो, गडद काळ्याचे तपशील हरवतात. निळा, गर्द हिरवा, मरून, मातकट, राखाडी हे रंग निभावून नेतात. पडदा हिरवा लावून मागचं दृश्य बदलायचं असेल, तर मात्र हिरवा अजिबात नको, पानाच्या नक्षीतलासुद्धा नको. अंगावरचा तो हिरवाही पडद्याबरोबर गायब होतो.

सुती कपडा सर्वांत चांगला, कारण तो बोलत नाही. सिंथेटिक साडी किंवा कडक कांजी केलेला कुर्ता माइकला घासला की खसखस येते. पैठणी नेसायची खूप इच्छा असते, मी समजू शकते. नेसा, फक्त जरीचा पदर पूर्ण पसरवून घेऊ नका, दिव्याखाली तो चमकतो आणि नजर चेहऱ्यावरून तिकडे जाते. काचेच्या बांगड्या, लांब मंगळसूत्र, खिशातल्या किल्ल्या यांचा आवाज माइक जसाच्या तसा टिपतो. बांगड्या काढायच्या नसतील तर रुमाल बांधून घट्ट करता येतात. आम्ही कुणालाही मंगळसूत्र काढायला सांगत नाही, माइकची जागा बदलतो.

माइक छातीपाशी लागतो आणि त्याची वायर कपड्याच्या आतून पाठीमागे पट्ट्याला अडकवलेल्या छोट्या डबीपर्यंत जाते. बायकांना माइक लावायला बाईच हवी असेल, तर आदल्या दिवशी सांगा. मागायला बिचकू नका, तशी सोय करणं हे आमचं काम आहे.

चष्मा घालत असाल तर घालूनच बसा. काचेत दिवा दिसला तर आम्ही दिवा वर नेतो. रंग बदलणाऱ्या, म्हणजे उजेडात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर दुसरा चष्मा आणा.

मेकअप करावा लागेल का?

नाक-कपाळावरची चमक घालवण्यापुरती पावडर लागते, पुरुषांनाही. आदल्या दिवशी फेशियल करू नका आणि केसांना नवीन रंग लावू नका.

मुलाखत घरी केली तर चालेल?

घरी माणूस मोकळा असतो, म्हणून मला घर आवडतं. पण मुंबईतलं घर म्हणजे आवाज. कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले या भागांत विमान डोक्यावरून जातं. ते गेलं की आम्ही थांबतो, आवाज विरेपर्यंत गप्प बसतो आणि तुम्ही ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेता. याची मानसिक तयारी ठेवा, चूक तुमची नसते. रेल्वेलाइनला लागून घर असेल तर खिडक्या लावूनही धडधड येते. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू असेल तर मुलाखत होतच नाही. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी आणि रविवारी तोडफोडीला बंदी असते, सेक्रेटरींना विचारून तीच वेळ धरा. एप्रिल-मेमध्ये कोकीळही असते. तिला थांबवता येत नाही आणि खरं सांगायचं तर थांबवावंसं वाटतही नाही.

मुलाखतीपुरते एसी, पंखा आणि फ्रिज बंद करावे लागतात. कानाला सवय झालेली असते म्हणून फ्रिजची घरघर आपल्याला ऐकू येत नाही, माइकला येते. आमचे साउंड रेकॉर्डिस्ट फ्रिज बंद करताना स्वतःच्या गाडीची किल्ली आत ठेवतात, म्हणजे निघताना तो सुरू करायला विसरणं शक्यच नाही. कुकर आधी लावून घ्या, दाराची बेल काढून ठेवा, कुरिअर आणि दूधवाल्याला त्या वेळी येऊ नका म्हणून सांगा. पंखा नसल्यामुळे उकडेल. दर दोन-तीन उत्तरांनी आपण तो पाच मिनिटं लावू.

आणखी एक. घर आवरा, पण रिकामं करू नका. पुस्तकांचा ढीग, शिलाई मशीन, भिंतीवरचा आजोबांचा फोटो, यातलंच काहीतरी तुमच्या मागे असावं असं आम्हाला वाटतं.

घरात ट्यूबलाइट आहेत, ते पुरतील ना?

उजेड पुरेल, पण रंग जुळत नाहीत. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा, म्हणजे निळसर असतो. पिवळा बल्ब ३००० च्या आसपास असतो. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा दिसतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्तातले एलईडी कॅमेऱ्यात थरथरतात. म्हणून आम्ही घरातले दिवे बंद करून आपले लावतो. तुम्ही फक्त एक १५ अँपिअरचा चालू पॉइंट दाखवून ठेवा.

पावसाळ्यात मुलाखत ठेवावी का?

ठेवता येते, पण दिवस निवडून. मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले की हिंदमाता, अंधेरी सबवे असे भाग पाण्याखाली जातात. साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. तारीख ठरवताना ती समोर ठेवा. पत्र्याच्या छपराखाली मुलाखत नको, थेंबांच्या आवाजात तुमचा आवाज बुडतो. चपला-बूट वेगळे आणा आणि भिजलात तर तसेच बसू नका, आम्ही थांबू.

गणपती आणि नवरात्रातही तसंच. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरना सहसा बंदी असते, पण त्या वेळेत कोण मुलाखत देणार? त्या दिवसांत सकाळी ९ च्या आत उरकावी किंवा पुढे ढकलावी.

मरीन ड्राइव्हवर किंवा स्टेशनवर बोललो तर छान वाटेल ना?

दिसायला छान वाटेल, बोलायला नाही. शिवाय सार्वजनिक जागी ट्रायपॉड लावून चित्रीकरण करायला परवानगी लागते, रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची वेगळी. ती काढायला दिवस लागतात. मी बहुतेक वेळा मुलाखत आत घेते आणि तुमचे चालतानाचे शॉट तेवढे बाहेर घेते.

हात कुठे ठेवू? आणि घसा कोरडा पडला तर?

हात बोलू द्या, फक्त छातीवर आपटू देऊ नका, तिथे माइक आहे. फिरती खुर्ची घेऊ नका, माणूस नकळत झुलतो. येण्यापूर्वी हलकं खाऊन या, उपाशी येऊ नका. बर्फाचं पाणी नको, साधं किंवा कोमट घ्या.

चुकलं तर? रडू आलं तर?

चुकलं तर थांबा आणि वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा बोला. ‘सॉरी, कट’ म्हणायची गरज नाही. थेट प्रक्षेपण नसेल तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते.

रडू येतं. विशेषतः गेलेल्या सहकाऱ्यांबद्दल बोलताना, किंवा आईनं दागिने मोडून मशीन घेऊन दिलं हे सांगताना. आलं तर येऊ द्या. मी लगेच पुढचा प्रश्न विचारणार नाही. थांबायचं असेल तर हात वर करा, कॅमेरा बंद होईल. तो भाग वापरायचा की नाही हे मी तुम्हाला विचारूनच ठरवते. प्रत्येक ठिकाणी असं होईलच असं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला मुलाखत देत असाल तर हे आधी विचारून घ्या.

कागदावर सही करायला सांगतात. करावी का?

वाचून करावी. त्याला संमतीपत्र म्हणतात. चित्रण कुठे दाखवणार, किती काळ, जाहिरातीसाठी वापरणार का, हे त्यात पाहा. समजलं नाही तर घरी न्या, दुसऱ्या दिवशी सही करा. प्रसिद्धीपूर्वी बघायला मिळेल का हेही सहीच्या आधीच विचारायचं.

नोकरीत असाल तर ऑफिसची लेखी परवानगी घ्या. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू असतात, त्यामुळे वरिष्ठांना आधी विचारा. डॉक्टरांनी रुग्णाचं नाव तर घेऊ नयेच, पण गाव, वय आणि आजार एकत्र सांगितले तरी माणूस ओळखू येतो, हे ध्यानात ठेवावं. वकिलांनी अशिलाबाबत तेच.

आणि हे नीट लक्षात ठेवा: माइक अंगावर आहे तोवर तो ऐकतो आहे. चहा पिताना, फोनवर बायकोशी बोलताना, बाथरूममध्येसुद्धा. ‘हे तुमच्यापुरतंच सांगतो’ असं काही सांगायचं असेल तर आधी माइक काढून घ्या.

प्रवास टाळून व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली तर?

तब्येतीमुळे किंवा अंतरामुळे करावी लागते. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नको. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. वायरचा इअरफोन वापरा. इथे मात्र कॅमेऱ्याकडे बघा.

सोबत कुणाला आणू का?

एकाला आणा, पण त्यांना तुमच्या नजरेच्या टप्प्यात बसवू नका. समोर मुलगा बसला असेल तर वडील प्रत्येक सालासाठी त्याच्याकडे बघतात.

संपल्यावर लगेच निघता येईल का?

अर्धा मिनिट बसून राहा. सगळे गप्प बसतात आणि साउंड रेकॉर्डिस्ट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतात. दोन वाक्यं जोडताना मध्ये ती लागते. तेवढ्यात उठलात, खुर्ची सरकवलीत, तर परत करावं लागतं. मग माइक आम्ही काढून घेतो, तुम्ही स्वतः ओढू नका. जुने फोटो, प्रमाणपत्रं, गिरणीचा पास असं काही आणलं असेल तर त्याचं चित्रण तिथेच, तुमच्यासमोर करतो. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. मोजून पिशवीत ठेवा, आणि तुमचा बदललेला शर्ट मेकअपच्या खोलीत राहिला नाही ना, ते बघा.